हिशेबाची वही कोणाच्या हाती?

(वैजापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सेवाभावी संस्थांच्या जगात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक नवी परिभाषा रूढ झाली आहे. पूर्वी जिला देणगी म्हणत तिला आता 'सामाजिक गुंतवणूक' म्हणतात, जो लाभार्थी होता तो 'ग्राहक' झाला, आणि लोक ज्याला कार्यकर्ता म्हणून ओळखत तो 'सामाजिक उद्योजक' हे नाव धारण करून व्यासपीठावर येऊन बसला. वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावीही ही भाषा पोचली आहे. बचतगटांच्या प्रशिक्षणात मसाल्याच्या पुडीवर नाव कसे छापावे, भाव कसा काढावा, गिऱ्हाईक कोठे शोधावे हे शिकवले जाते. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीच्या सभेत 'व्यवसाय आराखडा' या शब्दावाचून पान हलत नाही.

या भाषेकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा समाजवादी चळवळीत आढळतात. पहिली तऱ्हा अशी की, धंदा म्हटला की नफा आला, नफा म्हटला की शोषण आले, म्हणून संस्थेने धंद्याला शिवूच नये. दुसरी तऱ्हा अशी की, सरकार मागे सरले आहे, अनुदाने आटली आहेत, २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर परदेशी देणग्यांची वाट अरुंद झाली आहे, तेव्हा बाजाराची रीत पत्करल्यावाचून गत्यंतर नाही. आणि पत्करायची तर अर्धीमुर्धी कशाला, सगळीच पत्करावी. पहिल्या तऱ्हेने हात स्वच्छ राहतात, पण रिकामेही राहतात. दुसऱ्या तऱ्हेने हात भरतात. मात्र ते कोणाचे हात, हे विचारण्याचे भान उरत नाही. या दोन्ही तऱ्हांत एक गोष्ट समान आहे. धंद्याची रीत आणि धंद्याची मालकी या दोन निराळ्या बाबी आहेत, हे दोघीही लक्षात घेत नाहीत.

पहिल्या तऱ्हेच्या मंडळींनी थोडे मागे वळून पाहावे. जोतीराव फुले हे केवळ शाळा काढणारे आणि ग्रंथ लिहिणारे नव्हते. ते सरकारी बांधकामांची कंत्राटे घेत. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी बांधकामाचा माल पुरवला. समाजकार्यासाठी कोणा संस्थानिकाच्या दारी जाण्याऐवजी स्वतःच्या कमाईवर उभे राहणे त्यांना अधिक मानाचे वाटले असले, तर त्यात नवल नाही. कर्मवीर भाऊराव पाटील किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडले होते, आणि १९१९ मध्ये ज्या रयत शिक्षण संस्थेचा त्यांनी पाया घातला तिच्या वसतिगृहांत 'कमवा आणि शिका' हा केवळ सुविचार नव्हता, तो खर्चाचा ताळमेळ होता. सहकाराचा उगमही असाच आहे. इंग्लंडातील रॉचडेल गावी १८४४ च्या डिसेंबरात २८ जणांनी, त्यांत बरेचसे विणकर, २८ पौंडांच्या भांडवलावर एक दुकान उघडले. पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच त्यांचा माल. त्यांच्यांत रॉबर्ट ओवेनचे अनुयायी होते, चार्टिस्ट चळवळीतले लोक होते. म्हणजे आजच्या भाषेत ते डावेच. त्यांनी दुकानदाराला शिव्या देण्यात संध्याकाळ घालवली नाही. भेसळ नसलेला माल, रोख व्यवहार, ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात शिलकीची वाटणी आणि प्रत्येक सभासदाला एकच मत, असे नियम त्यांनी घालून घेतले. धंदा तोच, तराजू तोच. फरक एवढाच की तराजू धरणारा आणि माल घेणारा एकच होता.

धंदा करताना ध्येयाची कसोटी कशी लागते याचे याहून बोधक उदाहरण आपल्याकडे आहे. १९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. खादी विकणे हा त्याचा व्यवहार होता, आणि खादी स्वस्त असली तर अधिक खपते हे तेथील कोणत्याही भांडारवाल्याला कळत होते. तरीही १९३५ मध्ये गांधीजींच्या आग्रहावरून संघाने असे ठरवले की, सूत कातणाऱ्या स्त्रीला निदान निर्वाहापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. मजुरी वाढली म्हणजे कापड महाग झाले. खपाला फटका बसेल हे दिसत असताना घेतलेला हा निर्णय होता. आजच्या व्यवस्थापनशास्त्राचा पदवीधर त्याला वेडेपणा म्हणेल. पण खादी ज्या बाईसाठी होती तीच अर्धपोटी राहणार असेल तर खपाच्या आकड्यांना काय अर्थ, हा प्रश्न त्या निर्णयामागे होता. तो प्रश्न विचारणारा माणूस संघाच्या शिखरावर बसलेला होता म्हणून तो विचारला गेला, ही गोष्टही नजरेआड करून चालणार नाही. कातणारी बाई स्वतः तो विचारू शकत होती काय? संघाच्या घटनेत तिला तसे स्थान नव्हते. थोर माणूस शिखरावर असतो तोवर त्याचा विवेक संस्थेला पुरतो. पुढे काय, याचे उत्तर संस्थेच्या रचनेतच असावे लागते.

वैजापूरच्या लोकांना ही गोष्ट पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे. नदी ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा, आणि तेथून फार दूर नसलेल्या लोणी-प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करणारा एक अल्पशिक्षित शेतकरी आणि त्याच्या सोबतीला गोखले अर्थशास्त्र संस्थेचा विद्वान संचालक, अशी ती जोडी होती. खाजगी साखर कारखानदाराला जे येत होते ते सगळे त्यांनी शिकून घेतले: यंत्रे, कर्ज, गाळप, विक्री. बदलली ती मालकी. ऊस पिकवणारा हाच कारखान्याचा धनी झाला. पुढे महाराष्ट्रभर हे लोण पसरले, आणि पन्नास-साठच्या दशकांत ते ग्रामीण भागातले फार मोठे स्वप्न होते.

मग काय झाले? एक सभासद एक मत हा नियम कागदावर जसाच्या तसा राहिला. पण ताळेबंद वाचता येणारे लोक मूठभर, आणि तेही बहुधा संचालकांच्या नात्यागोत्यांतले. वार्षिक सभेत अहवाल 'वाचला असे समजण्यात आले' आणि टाळ्या झाल्या. कर्जे वाढली, कारखाने आजारी पडले, पुष्कळसे लिलावात निघाले. सभासदांच्या घामातून उभी राहिलेली धुराडी कवडीमोलाने खाजगी मालकांच्या हाती गेल्याच्या तक्रारी झाल्या, न्यायालयात खटले गेले. २०११ मध्ये राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळच बरखास्त करण्याची वेळ आली. मराठवाड्यात ज्याने शेअरचा दाखला ट्रंकेत जपून ठेवला आहे आणि कारखाना मात्र बंद आहे असा शेतकरी शोधायला लांब जावे लागत नाही. मालकी सभासदाची होती. हिशेबाची वही मात्र त्याच्या हाती कधी आलीच नाही.

म्हणून सामाजिक उद्योजकतेच्या प्रश्नात 'धंदा करावा की नाही' हा वाद फारसा उपयोगाचा नाही. धंद्यात तोटा आला तर तो कोणाच्या अंगावर पडतो, शिल्लक उरली तर ती कोठे जाते, आणि चालकाचे चुकले तर त्याला घरी पाठवण्याचा अधिकार कोणाला आहे, हे विचारले पाहिजे. आणि ज्यांना तो अधिकार आहे त्यांना तो वापरण्याइतका हिशेब कळतो काय, हेही.

मुंबईतील एक उदाहरण सर्वांना तोंडपाठ आहे, तरी ते नीट पाहिले गेलेले नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका चाळवजा इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. ऐंशी रुपये उसने आणलेले. पहिल्या दिवशी चार पुड्या झाल्या आणि त्या भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकल्या. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. हेच पुढे 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड'. १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यताही मिळाली. आज तिचे व्यवहार कोट्यवधींचे असून सभासद भगिनींची संख्या चाळीस हजारांच्या पुढे गेली आहे. लोक या कथेतून कष्टाचे फळ वगैरे तात्पर्य काढतात. ते काढू द्यावे. पण कार्यकर्त्याने पाहण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. त्या सात जणींनी प्रारंभीच ठरवले होते की, तोटा झाला तरी देणगी मागायची नाही. सकाळी मळलेले पीठ घेऊन जावे, घरी पापड लाटावे, दुसऱ्या दिवशी ते आणून द्यावे आणि लाटणीचे पैसे घ्यावे, असा रोजचा व्यवहार. लाटणारी प्रत्येक बाई ही नोकर नव्हे तर सहमालक, आणि शाखेचा नफा-तोटा तिच्याही वाट्याचा. पुरुष हिशेबनीस म्हणून, गाडी चालवणारा म्हणून पगारावर राहू शकतो. सभासद होऊ शकत नाही. नफा या शब्दाला भिणाऱ्यांनी या रचनेकडे पाहावे. येथे नफा आहे, भरपूर आहे. तो लाटणारीच्या पदरात पडतो.

याच मुंबईत गिरणगावच्या खाणावळवाल्या बायांची १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी संघटना केली. त्या स्वतः गोवामुक्तीच्या लढ्यातून आणि कम्युनिस्ट चळवळीतून आलेल्या. गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या या स्त्रिया वाण्याकडून उधारीवर धान्य घेत आणि सावकाराचे व्याज भरत. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालेले होते, पण बँकेच्या दारात त्यांना उभे कोण करणार? अन्नपूर्णा महिला मंडळाने ते केले. एकीने दुसरीला जामीन राहायचे आणि सरकारी मालकीच्या बँकेकडून कर्ज घ्यायचे. मोर्चा काढणाऱ्या बाईनेच कर्जाचे अर्ज भरून घेतले. संघर्ष आणि विधायक काम यांची फारकत व्हायलाच हवी असे मानणाऱ्यांना प्रेमाताईंचे आयुष्य अडचणीचे ठरते.

पुण्याचे उदाहरण तर समाजवाद्यांच्या अगदी घरचे आहे. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' हा उपक्रम सुरू केला. पोती वाहणाऱ्या माणसाला रास्त दरात पोटभर भाकरी-भाजी मिळावी, एवढीच त्यामागची साधी गरज. 'ना नफा ना तोटा' हे तत्त्व. हमालाबरोबर रिक्षावाला आला, बाहेरगावचा विद्यार्थी आला, कचेरीतला कारकून आला. धान्याची खरेदी घाऊक, स्वयंपाकघर मोठे, दर परवडणारे पण फुकट नव्हे. ज्याला जे लागते ते त्याने पैसे देऊन घ्यावे. त्यात त्याचा मान राहतो आणि उद्या चूल पुन्हा पेटण्याची हमी राहते. पाच दशके लोटली, तरी तो उपक्रम टिकला.

याच्या शेजारी १९९५ ची सरकारी झुणका-भाकर योजना ठेवून पाहावी. एक रुपयात झुणका-भाकर. घोषणा मोहक होती, आणि गरिबाला स्वस्त अन्न देण्यात गैर काहीच नाही. पण केंद्राची जागा सरकारची, अनुदान सरकारचे आणि केंद्र चालवणारा बहुधा कोणाच्या तरी शिफारशीने आलेला. जेवणाऱ्याचा त्या व्यवस्थेशी संबंध ताटापुरता. २००० मध्ये नव्या सरकारने अनुदान थांबवले आणि भाकरी गेली. मोक्याच्या जागांवरच्या टपऱ्या तेवढ्या राहिल्या आणि त्यांत दुसरेच पदार्थ विकले जाऊ लागले. जागांच्या ताब्याचे तंटे पुढे वर्षानुवर्षे चालले. हमालाच्या भाकरीला सरकार बदलल्याचा असा फटका बसला नाही. दोन्हीकडे पीठ ज्वारीचेच होते.

हे सांगताना राज्यसंस्थेची जबाबदारी संपली असे कोणी समजू नये. रेशन, रोजगार हमी, प्राथमिक आरोग्य ही कामे कोणत्याही संस्थेच्या 'शाश्वत प्रारूपा'वर सोपवता येणार नाहीत. सामाजिक उद्योजकतेच्या नावाखाली सरकारला हळूच मोकळे करण्याचा जो डाव खेळला जातो तो ओळखलाच पाहिजे. पुण्यातच कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली, आणि त्यातून पुढे 'स्वच्छ' ही वेचकांची सहकारी संस्था निघाली. २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. घरोघरचा कचरा उचलण्याबद्दल प्रत्येक कुटुंबाने महिन्याला शुल्क द्यायचे आणि ते वेचक स्त्रीच्या हाती पडायचे. येथे महापालिका बाजूला झाली नाही. शहर स्वच्छ ठेवण्याचे तिचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि कराराने त्यात वेचकांचा हक्क मान्य झाला. उकिरड्यावर हाकलली जाणारी बाई ओळखपत्र गळ्यात घालून सोसायटीच्या दारात आली. अर्थात करार असला म्हणजे त्याचे नूतनीकरण आले, आणि खाजगी कंत्राटदार टपलेले असतातच. तेथे पुन्हा पंचायतीला रस्त्यावर उतरावे लागते.

आता उलट बाजू. ती पाहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण वैजापूरच्या वाडीवस्तीवर आठवड्याच्या हप्त्याची जी वही फिरते तिचा या बाजूशी थेट संबंध आहे. बांगलादेशात महंमद युनूस यांनी १९८३ मध्ये ग्रामीण बँक स्थापन केली. तारण नसलेल्या गरीब स्त्रिया कर्ज बुडवत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले आणि २००६ मध्ये त्यांना व बँकेला मिळून शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या बँकेबद्दलही टीका आहे. पण तिची मालकी फार मोठ्या प्रमाणात कर्जदार स्त्रियांच्याच नावे आहे ही गोष्ट तिच्या गौरवात नेमकी विसरली जाते. ही कर्जाची रीत भारतात आली, मालकीची रीत आली नाही. आंध्र प्रदेशात १९९७ च्या सुमारास 'एसकेएस' ही संस्था ना-नफा तत्त्वावर सुरू झाली. २००५ मध्ये तिची कंपनी झाली. २०१० च्या पावसाळ्यात तिचे शेअर भांडवल बाजारात आले, त्यांच्यावर गुंतवणूकदारांच्या उड्या पडल्या आणि १,६०० कोटींहून अधिक रुपये गोळा झाले. मोठमोठ्या वित्तसंस्थांनी कौतुक केले: गरिबी दूर होते आणि पैसाही मिळतो. त्याच वर्षी आंध्रच्या खेड्यांतून वसुलीच्या जाचाच्या आणि कर्जबाजारी स्त्रियांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या, आणि ऑक्टोबरात राज्य सरकारला वटहुकूम काढून या कंपन्यांना लगाम घालावा लागला.

ही सगळी माणसे दुष्ट होती असे समजणे हा फार सोपा मार्ग आहे. यांतले कितीतरी जण निष्ठेने गावात राहिलेले होते. पण ज्या दिवशी संस्थेच्या मालकाला तिमाही नफा हवा असतो, त्या दिवशी वसुली करणाऱ्या पोरालाही तो हवा असतो. त्याचा पगार त्यावर ठरतो. ज्या बाईच्या नावावर सगळे चालले तिला व्याजाचा दर ठरवताना कोणी विचारले नाही. रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये व्याजाला २६ टक्क्यांची मर्यादा घातली, आणि २०२२ मध्ये ती मर्यादा काढूनही घेतली. म्हणजे कर्ज देणाऱ्या कंपनीने आपला दर आपणच ठरवावा. वैजापूरच्या एखाद्या वस्तीत एकाच घरात तीन-तीन कंपन्यांचे हप्ते कसे चालतात, हे येथे जमलेल्यांपैकी अनेकांनी पाहिलेले आहे. नव्याने सांगायला नको.

या गोष्टीला उत्तर सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याने दिलेले आहे. माण आणि वैजापूर यांच्यात अंतर पुष्कळ, पण आकाश एकच. पर्जन्यछायेतला, टँकरकडे डोळे लावणारा तोही तालुका. जयप्रकाशजींच्या आंदोलनातून घडलेल्या चेतना गाला-सिन्हा लग्नानंतर म्हसवडला आल्या. रस्त्याकडेला पाल ठोकून लोहारकाम करणारी एक स्त्री त्यांच्याकडे आली. तिला पावसाळ्यापूर्वी डोक्यावर घालायला प्लॅस्टिकचे कापड घेण्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते, आणि एवढी छोटी बचत घ्यायला कोणतीच बँक तयार नव्हती. तिने कर्ज मागितले नव्हते, ही बाब मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिला स्वतःचेच पैसे ठेवायला जागा हवी होती.

तेव्हा स्त्रियांची सहकारी बँक काढण्याचे ठरले. रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. प्रवर्तक स्त्रियांना सही करता येत नाही, ही अडचण होती. कोणी सुशिक्षित पुरुष नावापुरते घालून अर्ज पुन्हा करणे शक्य होते, आणि महाराष्ट्रात ते नवलाचे ठरले नसते. त्या स्त्रियांनी तसे केले नाही. त्या दिवसभर काम करून अक्षरे गिरवायला बसल्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. त्यांचे म्हणणे असे होते की, आम्हांला लिहिता येत नव्हते, पण मोजता येत होते. कोणत्याही रकमेचे व्याज सांगा, यंत्रावाचून काढून दाखवतो, तुमच्या अधिकाऱ्यांनीही तसेच काढून दाखवावे. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला.

लिज्जत, अन्नपूर्णा, कष्टाची भाकर या सर्वांपेक्षा या घटनेचे महत्त्व वेगळे आहे. साखर कारखान्यांत जी कडी निखळली होती ती येथे आरंभीच जोडली गेली. सभासदाला हिशेब येतो की नाही हा प्रश्न येथे कोणी प्रशिक्षणवर्गाच्या शेवटच्या दिवसावर ढकलला नाही. तो येतो म्हणूनच परवाना मिळाला. पुढे बँकेने दारात जाऊन रोजची बचत घेणे सुरू केले, कारण बँकेत यायचे तर बाईची मजुरी बुडते. २०१२-१३ च्या दुष्काळात बँकेच्या जोडीने काम करणाऱ्या माणदेशी फाउंडेशनने म्हसवडला गुरांची छावणी उघडली आणि ती अठरा महिने चालवली. छावणीत नफ्याचा प्रश्नच नव्हता. पण दावणीची जनावरे वाचली म्हणजे पुढच्या वर्षी कर्ज फिटते हे त्या बँकेला समजत होते, कारण बँकेच्या मालकिणी छावणीतच मुक्कामाला होत्या.

अलीकडे आणखी एक वाट उघडली आहे. २०१९ च्या अर्थसंकल्पात सामाजिक शेअर बाजाराची घोषणा झाली, २०२२ मध्ये 'सेबी'ने त्याचे नियम केले. ना-नफा संस्था तेथे असे रोखे काढू शकते की ज्यांवर व्याजही नाही आणि मुद्दलही परत मिळत नाही. मग घेणाऱ्याला काय मिळते? संस्थेने केलेल्या कामाच्या परिणामाचा अहवाल. सरळ मराठीत ही देणगीच झाली, बाजाराचा अंगरखा घातलेली. तिच्यात वाईट काही नाही. पारदर्शक हिशेबाची सक्ती होते हे बरेच आहे. परंतु तो अहवाल मुंबईच्या देणगीदाराला जातो. ज्या वस्तीत काम झाले तिच्या चावडीवर तो वाचला जावा असा नियम कोणी केलेला नाही.

वैजापूरच्या कार्यकर्त्यांपुढचे काम येथे सुरू होते. या तालुक्यात 'उमेद'चे गट आहेत, त्यांचे ग्रामसंघ आणि प्रभागसंघ आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळाने अनेक तालुक्यांत लोकसंचालित साधन केंद्रे उभी केली, आणि गटांना दिलेल्या सेवेचे शुल्क घेऊन ती आपला खर्च भागवतात. धंद्याच्या रीतीचा हा अगदी घरगुती नमुना आहे. नांदूर-मधमेश्वरच्या कालव्याचे पाणी जेथे पोचते तेथे कांदा आणि मका आहे, नाही तेथे कापूस आणि बाजरी, आणि दोन्हीकडे उत्पादक कंपन्यांची पाटी लागलेली दिसते. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून नागपूर आणि मुंबई जवळ आल्याचे सांगण्यात येते. जवळ आलेला बाजार कोणाच्या मालासाठी जवळ आला, हे या गटांच्या आणि कंपन्यांच्या आत काय चालते त्यावर ठरणार आहे.

आत काय चालते? गटाची वही बहुधा गावातली एक शिकलेली मुलगी किंवा संस्थेचा माणूस लिहितो. दहा जणी सही करतात. अंतर्गत कर्ज कोणाला किती गेले, बँकेत शिल्लक किती, व्याजाचा भरणा किती, हे दहापैकी दोघींना ठाऊक असते. २००२ च्या कायदादुरुस्तीने उत्पादक कंपनीत प्रत्येक सभासदाला एकच मत दिले आहे. पण आपण कंपनीचे सभासद आहोत हेच ज्याला ठाऊक नाही त्याने ते मत कोठे द्यावे? अशा कंपनीचा कांदा चांगल्या भावाने विकला गेला तरी फरक कोणाच्या खिशात गेला, हे पावती पाहिल्याशिवाय कळत नाही. पाहू म्हणणाऱ्याला संशयखोर ठरवले जाते.

तेव्हा मोर्चाच्या तयारीइतकेच गांभीर्य या वह्यांना द्यावे लागेल. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हाव्या लागतात. नेमक्या त्याच दिवसांत बाजरीची काढणी चालू असते, कापसाला बोंडे लागलेली असतात, आणि सूचना फलकावर चिकटवलेला अहवाल वाचायला कोणाला सवड नसते. कार्यकर्त्याने जुलैमध्येच एका गावात, एकाच संस्थेचा मागच्या वर्षीचा ताळेबंद मागून घ्यावा. तो देण्यास टाळाटाळ झाली तर सभासदाच्या सहीने लेखी मागावा. सभासदाला तो अधिकार आहे. मग शाळेच्या ओसरीवर, जेवणानंतर, पाच-सात बाया आणि दोन-चार पुरुष जमतील तेवढ्यांपुढे तो ओळीओळीने वाचावा. येणे म्हणजे काय, देणे म्हणजे काय, 'इतर खर्च' या सदरात एवढी रक्कम का, 'संशयित येणी' म्हणजे कोणाकडची. पहिल्या रात्री दोनच ओळी झाल्या तरी हरकत नाही. मग सप्टेंबरातल्या सभेत अध्यक्षांनी अहवाल वाचला असे समजावे म्हटले की मागच्या रांगेतून एखादी बाई उठेल आणि चौथ्या पानावरच्या आकड्याबद्दल विचारील.